पासवर्ड ताईला विचारा

सरकार आणि पेपरवाले ‘सायबर’ हा शब्द उच्चारताना आवाज का उतरवतात, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. टीव्हीवर हा शब्द आला की पडदा काळा होतो, त्यावर हिरवे आकडे धो धो पडायला लागतात आणि मागे असं संगीत वाजतं की घरातलं लेकरू आईजवळ सरकून बसतं. ‘सायबर हल्ला’, ‘सायबर युद्ध’, ‘अदृश्य शत्रू’. सरकारी पत्रकात तर ‘सर्व संबंधितांनी दक्षता बाळगावी’ याच्यापलीकडे काही नसायचं. संबंधित कोण आणि दक्षता कशी बाळगायची, हे ज्याचं त्यानं बघावं. आमच्या हिंगोलीत मात्र सायबर म्हणजे बसस्टँडसमोरचं माझं दुकान. लोक ‘गिरणीवर जाऊन येतो’ म्हणतात ना, तसं ‘सायबरवर जाऊन येतो’ म्हणायचे. आत चार कॉम्प्युटर, पाण्याचा माठ, बाबासाहेबांचा फोटो आणि काउंटरवर मी. एवढ्यात शत्रू कुठे बसणार, सांगा.

तरीही एकदा माझं नाव या सायबर सुरक्षेच्या बातमीत आलंच. म्हणजे नाव नाही आलं, ‘एक महिला’ आलं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी धंदा काय होता ते सांगते, नाहीतर बाहेरच्या माणसाला आमचा घोळ कळायचा नाही.

नव्वदच्या दशकात मी एसटीडी बूथ चालवत होते. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांची सदा फिरती. वडिलांनी हट्टानं मला टायपिंग शिकवलं होतं. ‘पोरगी मशीनवर बसली की तिला कोणी उठवत नसतं,’ असं ते म्हणायचे. बूथ मिळाला तो त्याच हट्टाच्या जोरावर. बूथला काचेचं दार होतं, पण त्याचा उपयोग धूळ अडवण्यापुरता. माणूस जितका लांब तितकं मोठ्यानं बोलायचं, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत. मुंबईला फोन लागला की अर्धा बसस्टँड ऐकायचा. कुणाची सोयरीक मोडली, कोणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन आहे, सगळं माझ्या कानावर. त्या दिवसांत मी एक गोष्ट शिकले. काउंटरवर बसल्यावर कान उघडे ठेवायचे आणि तोंड मिटून घ्यायचं. पुढच्या साऱ्या आयुष्यात मला याच शिक्षणानं भाकरी दिली.

हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला, मागोमाग ऑफिसं आली आणि मग इंटरनेट आलं. ते फोनच्याच तारेवरून यायचं. मोडेम आधी मांजरासारखं गुरगुरायचं, मग किंचाळायचं आणि नशिबात असेल तर लागायचं. मध्येच लाइट गेली की दुकानभर एकच ‘अर्रर्र’ उठायचा. पण दहावी-बारावीचा निकाल असो की डीएडचा अर्ज, लोक माझ्या पायरीवर बसून राहायचे. कंटाळून घरी कोणी जायचं नाही.

ईमेलचा पत्ता काढून द्यायचा, हे माझं मोठं काम. पत्ता काढला की पासवर्ड लागतो. मी विचारायची, “काय ठेवू?” समोरचा म्हणायचा, “तुमीच ठिवा ताई, तुमच्या हातानं. आमच्या ध्यानात कुठं ऱ्हायलंय?” मग मी त्याच्या लेकराचं नाव विचारून त्यापुढे काहीतरी जोडून द्यायची. तो विसरायचा, मी लक्षात ठेवायची. बरं, तेवढ्यावर भागत नसे. सेनगाव, गोरेगाव या आमच्या आसपासच्या गावांत तेव्हा घरोघर नेट कुठलं? तिथून फोन यायचा, “ताई, माझं उघडा आन काय आलंय ते वाचून दाखवा.” मी उघडायची आणि फोनवर वाचून दाखवायची. कागदच हवा असेल तर प्रिंट काढून जीपवाल्याच्या हाती द्यायची. संध्याकाळपर्यंत तो गोरेगावच्या बाजारात पोचलेला असायचा. वारंगा फाट्यावरच्या एका टपरीवाल्याचं पोरगं दुबईला होतं. त्याचा मेल मी बापाला इतक्या वेळा वाचून दाखवला की एकदा पोरानं खाली लिहिलं, ‘वाचणाऱ्या ताईंनाही नमस्कार.’ शेजारणीकडे घराची चावी ठेवून शेतात जावं, तसे लोक पासवर्ड माझ्याकडे ठेवून निघून जायचे.

आता या सुरक्षेच्या नावानं आमच्याकडे खरोखर काय घडायचं, त्याचाही एक नमुना सांगते. गोरेगावचे एक किराणा दुकानदार पेढे घेऊनच दुकानात शिरले. परदेशातून मेल आला होता, त्यांना मोठी लॉटरी लागली होती. फक्त थोडे पैसे आधी भरायचे होते. मी विचारलं, “काका, तुम्ही तिकीट काढलं होतं का?”

“न्हाई.”

“मग लागली कशी?”

“देवाची करणी,” ते म्हणाले. मी नको नको म्हणत राहिले तशा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत न्हाई तुमाला,” असं म्हणून पेढ्यांचा पुडा उचलून चालते झाले. दोन-चार दिवसांनी तोच पुडा घेऊन परत आले, पेढे जरा वाळले होते. “बायकोबी तेच म्हन्ली,” एवढंच बोलले. पुढे अशाच फसवणुकीची बातमी पेपरात मोठ्या इंग्रजी शब्दांसकट छापून आली. तिचं कात्रण कापून त्यांनी मला आणून दिलं आणि म्हणाले, “ह्ये बघा, शिकलेल्या लोकांचंबी असंच व्हऊन राह्यलं.” त्यांना फार बरं वाटलं होतं.

तर असं सगळं बराबर चालू असताना मोठ्या शहरांतल्या वाईट घटनांच्या बातम्यांत सायबर कॅफेचं नाव यायला लागलं. झालं, साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू. कॅफे म्हणजे गुन्ह्याचा अड्डा, असं टीव्हीवर कोट घातलेली माणसं ओरडून सांगू लागली. त्याच सुमारास एका कॉलेजच्या हॉलमध्ये ‘सायबर सुरक्षा जनजागृती’ असा कार्यक्रम ठेवला होता. बाहेरून एक अधिकारी आले होते. माणूस चांगला, तळमळीनं बोलत होता. मी दुसऱ्या रांगेत बसून सगळं ऐकत होते. बोलता बोलता ते म्हणाले, “आपला पासवर्ड आपल्याशिवाय कुणालाही माहीत नसावा. इथे कुणाकुणाचा पासवर्ड दुसऱ्या व्यक्तीला माहीत आहे? प्रामाणिकपणे हात वर करा.”

जवळजवळ सगळ्या हॉलचे हात वर गेले.

साहेब हबकले. पुढच्या एका गुरुजींना त्यांनी विचारलं, “तुमचा कुणाला माहीत आहे?”

“ताईला,” गुरुजी म्हणाले.

“आणि तुमचा?”

“ताईला.”

“ताई कोण?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कोणीतरी कौतुकानं टाळीसुद्धा वाजवली. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि रुमालानं कपाळ पुसलं.

आमच्या गावचे एक वार्ताहर तिथेच वही घेऊन बसले होते. कार्यक्रम संपला तसे ते लगबगीनं दुकानात आले. “ताई, लाइट जायच्या आत बातमी पाठवतो,” म्हणत नेहमीच्या कॉम्प्युटरवर बसले. मी त्यांना चहा सांगितला. त्यांचा पासवर्ड त्यांना आठवेना, तोही मीच सांगितला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता : ‘शेकडो नागरिकांचे पासवर्ड एका महिलेच्या हाती! हिंगोलीत सायबर सुरक्षेचा बोजवारा.’ माझ्याच दुकानातून, माझाच चहा पिऊन गेलेली बातमी. पुढे वार्ताहर तोंड लपवत आले आणि म्हणाले, “मथळा वरच्या डेस्कनं दिला ताई, आईशप्पथ.” मी काय बोलणार? पेपरचं शहरातलं डेस्क आणि आभाळ, दोन्हीकडे तक्रार करून उपयोग नसतो.

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. माझी पाचावर धारण बसली. सोबत चला म्हणायला आमचे हेही गावात नव्हते. पण तिथले साहेब वयानं मोठे, शांत होते. त्यांच्या मुलीचा बारावीचा निकाल मीच काढून दिला होता. ते म्हणाले, “ताई, मी तुम्हाला ओळखतो. पण पेपरात आलं की वर उत्तर द्यावं लागतं. दोन दिवस दुकान बंद ठेवा. काहीतरी मार्ग काढू.” मी शटर ओढलं. दोन दिवस बसस्टँडवरचा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघून कुजबुजतोय असं वाटत होतं. बायका भाजी घेताना विचारायच्या, “व्हय वं, तुझं पेपरात आलंय म्हनं?”

माझ्या नावाची मला काळजी होतीच. पण जीव अडकला होता तो एका पोरीत. कविता राठोड, सेनगावकडच्या तांड्यावरची पोरगी, बारावीला चांगले गुण पडलेली. औरंगाबादच्या एका नर्सिंग संस्थेत तिनं अर्ज केला होता आणि प्रवेशाचं बोलावणं ईमेलवर यायचं होतं. याच आठवड्यात. तिचा पत्ता मी काढून दिलेला, पासवर्ड माझा, आणि माझ्या दुकानाला कुलूप.

दुकान बंद असल्याचं कळलं तसे तिचे वडील हरिसिंगभाऊ थेट माझ्या घरी आले. मागे कविता, मान खाली घालून. हरिसिंगभाऊंची कापसाची शेती, तांड्यावर त्यांच्या शब्दाला मान. भावानं पेपर वाचून दाखवला होता म्हणे. पाण्याचा तांब्या हातात घेतला, पण प्याले नाहीत.

“बाई, माझ्या पोरीचं नाव त्यातून काढून टाका.”

“भाऊ, तिचं बोलावणं यायचंय त्यात. नाव काढलं तर ते कुठे येणार?”

“न्हाई आलं तरी चालंल. तांड्यावर लोक इचारून राह्यले, हरिसिंगच्या पोरीचं काय काय हाय त्या कॉम्प्युटरात म्हनून. मी काय सांगू?” मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, “आन खरं सांगू का? मला पयल्यापासून भ्या वाटतं. पोरगी लई भोळी हाय. कोनी दोन शबूद गोड बोललं की पोटातलं सगळं सांगून मोकळी व्हते. तिकडं शहरात हिचं कसं निभल?”

कविता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा वाटलं की सरकार आणि पेपर ज्या सुरक्षेबद्दल एवढा गोंधळ घालतात, ती हरिसिंगभाऊंच्याही मनात आहे. फक्त त्यांच्या तोंडी तिचं नाव वेगळं आहे. मी म्हणाले, “भाऊ, काढायचं तर तिनंच तिच्या हातानं काढावं. आता मी त्याला हात लावला तर उद्या पुन्हा पेपरात येईल. दुकान उघडू द्या, मग तुम्हीच तिला घेऊन या.” त्यांना ते पटलं. मिटवायलाच येतो, असं बजावून ते गेले.

मार्ग काढला तो ठाण्यातल्या साहेबांनी, आणि या माणसाचं ऋण मी मरेपर्यंत विसरणार नाही. ज्यांचे ज्यांचे पासवर्ड ताईकडे आहेत, त्यांनी दुकानात येऊन आपल्या हातानं बदलून जावेत, असं त्यांनी ठरवलं. देखरेखीला एक महिला कॉन्स्टेबल बसवली. आणि ताईनं त्या वेळात पायरीवर उभं राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही. आता लोकांना कळवायचं कसं? पेपरात द्यायचं तर आता भीतीच वाटत होती. ते काम जीपवाल्यांनी केलं. सेनगाव, गोरेगाव, वारंगा फाटा, जिथे जीप थांबेल तिथे क्लीनर ओरडायचा, “ताईच्या सायबरवर कुलपं बदलून राह्यले, ज्याचं त्यानं बदलून घ्या!” एकाही जीपवाल्यानं त्याचं काही घेतलं नाही. वर म्हणाले, “आमचेबी बदलायचेच हायत की.”

लोक आले. एवढे आले की बसस्टँडवरचा रसवंतीवाला खूश झाला. कॉन्स्टेबल पोरगी मोठी शिस्तीची होती. एकेकाला आत घ्यायची, कुठे काय दाबायचं ते सांगायची, स्वतः तोंड फिरवून बसायची. मी बाहेर पायरीवर, रांग लावत. सगळं कसं नियमानं. पहिले गुरुजी बदलून बाहेर आले, चपला घातल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, “ताई, नवीन पासवर्ड सांगून ठेवतो, विसरायचो मी.”

“गुरुजी, अहो त्याचसाठी तर हे चाललंय!”

“ते सरकारसाठी झालं. हे आपलं आपलं.”

त्यांच्यामागून आलेल्या बाईनं तेच केलं. गोरेगावचे पेढेवाले काका तर आतूनच ओरडले, “ताई, आता नातवाचं नाव ठिवलंय बरं का!” कॉन्स्टेबलनं कपाळावर हात मारून घेतला. वार्ताहरसुद्धा रांगेत होते. बदलून बाहेर आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच माझ्या हातात चिठ्ठी ठेवायला लागले. मी हात मागे घेतला. मी कानांवर हात ठेवत होते, लोक माझे हात बाजूला काढून सांगत होते. ते सारं चुकीचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. हॉलमधल्या त्या अधिकाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण पेपरात माझी अशी बातमी छापून आल्यावर लोक पुन्हा माझ्याच कानाशी येत होते, आणि माझे डोळे भरून येत होते. एवढा विश्वास मी कमावला कधी, मलाच कळलं नव्हतं.

दुपारच्या जीपनं हरिसिंगभाऊ आणि कविता आले. रांगेत बराच वेळ उभे राहिले. पुढचा प्रत्येक माणूस बाहेर येऊन माझ्या कानाशी काय करतोय, हे हरिसिंगभाऊ बघत होते. त्यांचा नंबर आला तसे ते कॉन्स्टेबलला म्हणाले, “बदलायचं न्हाई, मिटवायचं हाय.”

कविता त्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली. “बा, मिटवायच्या आदी एकदा उघडून बघते. येकदाच.”

त्यांनी मान हलवली. कॉन्स्टेबल म्हणाली, “उघडायचं तर आधी पासवर्ड बदल, साहेबांचा हुकूम आहे.” कवितानं बदलला. मी पायरीवरून बघत होते. तिनं दुसऱ्या हातानं कीबोर्ड असा झाकला होता की शेजारी बसलेल्या बापालाही दिसू नये. मग पत्रं उघडली. ती एकदम ताठ बसली.

“आलंय,” ती म्हणाली.

तिनं ते बापाला वाचून दाखवलं. इंग्रजीतून वाचायची, थांबायची, मराठीत सांगायची. निवड झाली आहे, वसतिगृहात जागा आहे, सोमवारी कागदपत्रं घेऊन हजर व्हावं. हरिसिंगभाऊ पडद्याकडे बघत होते, पोरीकडे बघत होते. मिटवा म्हणत नव्हते आणि हो म्हणत नव्हते. मी आत पाऊल टाकू शकत नव्हते, आणि टाकलं असतं तरी बोलणार काय होते? पोरगी त्यांची.

शेवटी ते उठले, पायरीवर माझ्याजवळ आले आणि काहीतरी रीत पाळायची म्हणून म्हणाले, “कविता, सगळे सांगून राह्यले, तूबी बाईला सांगून ठिव तो पासवर्ड. इसरशील.”

कविता दारात आली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर मोठा संकोच आला. “न्हाई बा,” ती म्हणाली. “कोनालाच सांगायचा नसतो. ताई, तुमी राग धरू नका.”

“बरं बाईला नको, मला सांग.”

“तुमालाबी न्हाई.”

तांड्यावर ज्याचा शब्द कोणी मोडत नाही, त्या माणसाला त्याची पोरगी चारचौघांत नाही म्हणाली होती. हरिसिंगभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता संपलं, आता ते तिला हाताला धरून नेतात. पण त्यांच्या मिशीखाली हळूहळू काहीतरी हललं. ते माझ्याकडे वळले.

“बापाला न्हाई सांगितलं,” ते म्हणाले. “मंग तिथं कोनाला सांगंल ही?”

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, तोच रुमाल मानेवरून फिरवला आणि मला विचारलं, “औरंगाबादची गाडी कव्हा हाय, बाई?”